निगेटिव्ह आलेल्या बाळाची फाईल बंद करू नका

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईचं बाळ अठरा महिन्यांचं झालं की त्याची शेवटची रक्ततपासणी होते. त्याआधी सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षाचं झाल्यावर त्याला सुई टोचून रक्त तपासलेलं असतं, गरजेप्रमाणे रक्ताचे ठिपके कागदी कार्डावर घेतलेले असतात. ते वाळवून लांबच्या प्रयोगशाळेत जातात आणि निकाल येईपर्यंत त्या घरात कुणाला धड झोप लागत नाही. अठराव्या महिन्याचा निकालही निगेटिव्ह आला, आणि अंगावरचं दूध सुटल्यानंतर तीन महिन्यांनी केलेली तपासणीही निगेटिव्ह आली, की आईच्या डोळ्यांत पाणी येतं, समुपदेशक ताई तिचा हात हातात घेतात आणि रजिस्टरमध्ये त्या बाळापुढे शेवटची नोंद होते. त्या दिवसापासून एचआयव्ही कार्यक्रमाच्या लेखी ते मूल उरत नाही.

हा आनंद खोटा नाही. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाकडे विषाणू जाण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर औषधं मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. आपल्याकडे या कामाला २००० साली मोजक्या रुग्णालयांमधून प्रायोगिक सुरुवात झाली, त्यानंतरची काही वर्षं हाताशी होता तो बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरापीन या औषधाचा एक डोस आणि बाळाला चमचाभर सिरप. २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार लगेच सुरू होऊ लागले. आज दिवसाला एक गोळी पुरते. देशात एचआयव्हीबाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, त्यामुळे या यशात आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या समुपदेशकांचा, परिचारिकांचा आणि घराघरांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या कामावर बोट ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी हरकत त्या शेवटच्या नोंदीला आहे.

'निगेटिव्ह' हा निकाल विषाणूबद्दलचा आहे. बाळाच्या शरीरात एचआयव्ही नाही, एवढंच तो सांगतो. बाळ कसं आहे, त्याची प्रतिकारशक्ती कशी घडते आहे, ते इतर बाळांइतकंच टिकून राहील का, या प्रश्नांना तो हातही लावत नाही. आणि गेल्या पंचवीस वर्षांत जगभर जे समोर आलं आहे ते असं, की या प्रश्नांचं उत्तर नेहमीच 'इतर बाळांसारखंच' असं येत नाही.

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात १९९७ ते २००० या काळात हजारो माता आणि नवजात बाळं 'झ्विटाम्बो' नावाच्या मोठ्या अभ्यासात सहभागी झाली होती. अभ्यास अ जीवनसत्त्वाचा होता, पण त्यातून हाती आलेली एक गोष्ट मला कधीच विसरता आली नाही. एचआयव्ही नसलेल्या आयांच्या बाळांपैकी दोन वर्षांच्या आत दगावलेल्यांचं प्रमाण २.९ टक्के होतं. बाधित आयांच्या, पण स्वतः संसर्ग नसलेल्या बाळांमध्ये ते ९.२ टक्के निघालं. म्हणजे ज्यांना विषाणूचा संसर्ग झालाच नाही अशी बाळं तिपटीहून जास्त प्रमाणात गेली. गेली तीही न्यूमोनिया, जुलाब अशा रोजच्या आजारांनी.

यावर ताबडतोब सुचणारा आक्षेप रास्त आहे. तेव्हा आयांना औषधं मिळत नव्हती. आई स्वतः आजारी, घरात पैसा नाही, कधी आईच गेलेली. अशा घरातलं बाळ दगावलं तर त्यात प्रतिकारशक्तीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दिसतो ब्रसेल्समध्ये. श्रीमंत देश, उत्तम रुग्णालय, उपचारांवर असलेल्या आया. तिथल्या डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, ग्रुप बी स्ट्रेप नावाच्या जंतूचा रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरणारा गंभीर संसर्ग या निगेटिव्ह बाळांमध्ये इतर बाळांच्या सुमारे वीस पट आढळला. प्रत्यक्ष आजारी बाळांची संख्या थोडीच होती, हे खरं. पण नळाला स्वच्छ पाणी असलेल्या शहरातही फरक उरतो, तेव्हा सगळा दोष गरिबीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

हा फरक येतो कुठून? याचं उत्तर समजून घेतल्याशिवाय त्यावरचा उपाय पटणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

नवजात बाळाकडे स्वतःची लढाईची शिदोरी फारशी नसते. पहिले काही महिने ते जगतं ते आईने दिलेल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे जंतूंना ओळखून निकामी करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांवर. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून ही प्रतिपिंडं बाळाकडे जातात. वारेच्या पेशींवर त्यांना उचलून पलीकडे नेणारे वाहक असतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या रक्तात कधीकधी आईपेक्षाही जास्त प्रतिपिंडं सापडतात, इतके ते वाहक आपलं काम चोख करतात. एचआयव्ही असलेल्या आईच्या शरीरात मात्र एक विचित्र गर्दी झालेली असते. सततच्या चेतवणीमुळे तिचं शरीर प्रतिपिंडं भाराभर बनवतं, पण त्यांतली पुष्कळशी कुठल्याच कामाची नसतात. वाहक तेवढेच आणि गर्दी मोठी. एसटीच्या दारात रेटारेटी व्हावी आणि ज्यांना खरोखर पोचायला हवं तेच खाली राहावेत, तसं गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात, न्यूमोनिया यांच्याविरुद्धची कामाची प्रतिपिंडं बाळापर्यंत कमी पोचतात. त्यात या बाळांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त. ज्या आठवड्यांत ही शिदोरी सर्वाधिक मिळायची, नेमके तेच आठवडे त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत हे मोजलं गेलं, आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मतः या बाळांकडे डांग्या खोकला, धनुर्वात आणि न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणारे हिब व न्यूमोकॉकस हे जंतू यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं इतर बाळांपेक्षा कमी होती. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच कमी सांगितला जातो. लस दिल्यावर या बाळांनी भरभरून प्रतिसाद दिला, काही लशींना तर इतर बाळांपेक्षाही चांगला. याचा अर्थ त्यांची प्रतिकारशक्ती मोडकी नाही. जन्मापासून पहिल्या लशींचं काम सुरू होईपर्यंतचा जो काळ आहे, त्यात त्यांच्या अंगावरचं पांघरूण तोकडं पडतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं तीन-चार आठवड्यांत निम्म्यावर येतात. मुळात कमी असलेली लवकर संपतात. मग सहाव्या आठवड्याची लस 'सर्दी होती म्हणून', 'गावी गेलो होतो म्हणून' दहाव्या आठवड्याला देणं इतर बाळांना कदाचित खपून जाईल, या बाळांना ते महागात पडू शकतं.

प्रतिपिंडं ही गोष्टीची एकच बाजू. दुसरी बाजू बाळाच्या स्वतःच्या पेशींची. या बाळांच्या नाळेच्या रक्तात एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) सापडलेल्या आहेत, विषाणू मात्र नाही. म्हणजे गर्भातच त्यांची गाठ विषाणूच्या तुकड्यांशी पडलेली असते आणि त्या गाठीची आठवण पेशींनी जपलेली असते. अजून कुठल्याही जंतूशी सामना न झालेल्या, नव्या कोऱ्या पेशी या बाळांत तुलनेने कमी आणि आधीच चेतवलेल्या पेशी जास्त दिसतात. आईच्या दुधातून येणारा सायटोमेगॅलो नावाचा दुसरा एक विषाणूही त्यांना लवकर गाठतो आणि पेशींना आणखी लवकर प्रौढ करतो. घरात तंटा चालू असताना वाढलेलं लेकरू जसं जरा आवाज झाला की दचकतं, तशी ही प्रतिकारशक्ती सतत सावध असते. सावध असणं म्हणजे सबळ असणं नव्हे. हा फरक पहिल्या वर्षात ठळक असतो आणि पुढे बराचसा विरत जातो, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. यांतली बहुसंख्य मुलं धडधाकट वाढतात, शाळेत जातात, धावतात. हा लेख वाचणारी एखादी आई या बाळांची आई असेल, तर तिने घाबरून जावं असं यात काही नाही. घाबरायला हवं ते व्यवस्थेने.

आपल्याला आफ्रिकेतच जायला नको. पुण्यात २००० आणि २००१ मध्ये बाधित आयांच्या १४८ बाळांकडे संशोधकांनी लक्ष ठेवलं होतं. त्या काळी विषाणूच्या भीतीने वरचं दूध देण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. यांतल्या ज्या बाळांना रुग्णालयात भरती करावं लागलं, ती सगळीच्या सगळी वरच्या दुधावर होती. विषाणूपासून वाचवण्यासाठी ज्याचा आधार घेतला, त्यानेच बाळांना जुलाब आणि न्यूमोनियाच्या दारात नेऊन सोडलं. आज उपचारांवर असलेल्या आईने पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं हाच सल्ला आहे, आणि त्यामागे अशा अनुभवांची किंमत मोजलेली आहे. पुण्यातच २००२ ते २००५ या काळात ७१५ बाधित मातांच्या पाठपुराव्यात बाळंतपणानंतर २४ जणींना क्षयरोग झालेला आढळला, आणि ज्या बाळांच्या आईला क्षयरोग झाला त्यांचा मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक निघाला. बाळाची प्रतिकारशक्ती हा फक्त बाळाच्या शरीरातला मामला नसतो. तिचा एक मोठा भाग आईच्या छातीत, आईच्या खोकल्यात, आईच्या ताटात असतो.

कार्यक्रमाच्या कागदपत्रांत एक सुरेख संकल्पना आहे, 'एचआयव्हीमुक्त जगणं'. त्यात दोन शब्द आहेत. आपण पहिल्याचीच मोजदाद केली. आईकडून बाळाकडे होणारं संक्रमण थांबवल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटना देते. २०१५ मध्ये ते सर्वांत आधी क्यूबाला मिळालं, नंतर थायलंडला, २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या श्रीलंकेला. त्या प्रमाणपत्रासाठी किती बाळांना संसर्ग झाला हे पाहतात. संसर्ग न झालेली बाळं पाच वर्षांची झाली का, हे पाहत नाहीत. भारतालाही ते प्रमाणपत्र हवं आहे आणि ते मिळायलाच हवं. पण जे मोजलं जातं त्याचीच काळजी घेतली जाते, हा सरकारी कामाचा जगभरचा स्वभाव आहे. जगात आज बाधित आयांची संसर्ग नसलेली सुमारे दीड कोटीहून अधिक मुलं आहेत. ती याच यशातून जन्मली आहेत.

अठरा महिन्यांवर थांबणं का चुकीचं, याचं आणखी एक कारण दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेनस्टाइन भागातून येतं. तिथे जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, दोन वर्षांच्या वयात या मुलांमध्ये बोलणं समजण्यात आणि बोलण्यात मागे राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं. दोन वर्षं म्हणजे चोवीस महिने. आपली फाईल अठराव्या महिन्यालाच मिटते. मूल वाक्य जुळवायला लागतं की नाही हे कळण्याच्या आधीच आपण निरोप घेतलेला असतो.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. तो मला स्वतःला कित्येक वर्षं गप्प बसवत आला आहे. या मुलांना वेगळं ओळखायचं, वेगळं मोजायचं म्हणजे त्यांच्या कपाळावर आईच्या आजाराचा शिक्का मारायचा. ज्या राज्यात एचआयव्ही असलेली मुलं वर्गात नकोत म्हणून पालकांनी शाळांवर दबाव आणला, तिथे निगेटिव्ह मुलालाही 'तसल्या घरातलं' ठरवायला किती वेळ लागेल? आणि मुलाची नोंद म्हणजे शेवटी आईच्या आजाराची नोंद. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, ही माहिती तिच्या संमतीवाचून उघड करायला मनाई करतो. ही भीती काल्पनिक नाही. अंगणवाडीच्या वहीत एका खुणेमुळे घर ओळखलं जातं, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की बाळाला कुठलाही वेगळा शिक्का न मारता हे काम करता येतं, आणि त्याच पद्धतीने ते करायला हवं. जे सगळ्या बाळांना देता येतं ते सगळ्यांना द्या. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात आली. ती सगळ्या बाळांना मिळते, आणि तिचा सर्वांत जास्त फायदा ज्यांना व्हायचा त्यांनाही ती कुणी काही न विचारता मिळते. गरोदर बायांना आपण सरकारी केंद्रात धनुर्वात आणि घटसर्पाची लस देतो, डांग्या खोकल्याची देत नाही. खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्या बाईला ती मिळते. ती सगळ्या गरोदर बायांना दिली, तर बाधित आईच्या बाळाचं तोकडं पांघरूण वीतभर वाढेल आणि कुणाचंही नाव यादीत येणार नाही. गोवराचंही तसंच. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असतो. जागतिक आरोग्य संघटना बाधित आयांच्या बाळांसाठी सहाव्या महिन्यापासून एक जादा डोस सुचवते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा महापालिकेने सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस दिला होता. म्हणजे हे आपल्याला करता येतं. साथीची वाट बघायची गरज नाही.

जे सगळ्यांना देता येत नाही, त्याची नोंद आईच्या कार्डावर ठेवा. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, ती महिन्या-दोन-तीन महिन्यांनी गोळ्या घ्यायला येतेच, आयुष्यभर येणार असते. तिथे तिचा आजार कुणापासून लपवायचा नसतो. समुपदेशकाने तिला दर खेपेला तिच्या गोळ्या विचाराव्यात, आणि त्याच दमात बाळाचं वजन, लशी, ताप, बोलणं विचारावं. कुणाच्या घरात क्षयरोग निघाला तर पाच वर्षांखालच्या मुलाला प्रतिबंधक औषध सुरू झालं का, हे तिथेच पाहावं. बोलण्यात मूल मागे वाटलं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवावं. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांसाठी आहे. पथकातल्या डॉक्टरला मूल उशिरा बोलतं एवढं कळलं तरी पुरतं, आई कुठल्या गोळ्या घेते हे कळायची गरज नाही.

आणि ताट. झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात झालेल्या 'शाइन' चाचणीत, आहाराची मदत न मिळालेल्या बाधित आयांच्या मुलांपैकी निम्मी मुलं अठराव्या महिन्यात वयाच्या मानाने खुजी होती. ज्यांना सहाव्या महिन्यापासून पूरक आहाराचं मार्गदर्शन आणि रोज थोडंसं पोषणयुक्त मिश्रण मिळालं, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर आलं. शौचालयं आणि हात धुण्याच्या सोयी दिलेल्या गटात वाढीवर असा परिणाम दिसला नाही. बोट्स्वानात या मुलांना कोट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्ग टाळणारं औषध जास्त काळ देऊन पाहिलं, तर जगण्याच्या प्रमाणात सुधारणा झाली नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणी यावरून बंद करू नये. मी सांगतो आहे ते एवढंच, की एखादं सिरप देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. घरचा डबा, अंडं, उसळ, शेंगदाण्याचं कूट, अंगणवाडीतून खरोखर हातात पडणारा आहार, याला औषधाइतकंच महत्त्व द्यावं लागेल. नवऱ्याच्या आजारपणात घर विकून बसलेल्या, सासरने बाहेर काढलेल्या बायांच्या घरात हे आपोआप येत नाही. एआरटी केंद्राने आईला जसं गोळ्यांचं पाकीट द्यायचं, तसंच या मुलांच्या पोषणाचं देणं व्यवस्थेवर आहे.

सगळ्यांत आधीची पायरी मात्र बाळ पोटात येण्याच्याही आधीची आहे. ब्रसेल्समधूनच २०१९ साली पुढे आलेल्या अभ्यासात, ज्या आयांनी गरोदर राहण्यापूर्वीच उपचार सुरू केले होते त्यांच्या निगेटिव्ह बाळांना संसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका कमी होता. आईच्या शरीरातली ती गर्दी आणि ती चेतवणी जितकी लवकर शांत होते, तितकं बाळ स्थिर हातांनी घडतं. आपल्याकडे अजूनही कितीतरी बायांना आपला आजार कळतो तो गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीत. नवऱ्याला आधी कळलेलं असतं आणि त्याने सांगितलेलं नसतं, असंही घडतं. नवऱ्याची तपासणी झाली त्या दिवशीच, तिला समजेल आणि तिची इच्छा राखली जाईल अशा रीतीने, तिची तपासणी झाली पाहिजे. बाळाच्या प्रतिकारशक्तीचा विचार करणाऱ्या धोरणाला लग्नाच्या या बाजूला डोळेझाक करता येणार नाही.

खर्चाचा मुद्दा मला फारसा टिकणारा वाटत नाही. यासाठी नवं रुग्णालय नको, नवं पद नको. आईच्या कार्डावर बाळाच्या नावाचा एक रकाना पाच वर्षांपर्यंत उघडा ठेवायचा आहे. त्यात वजन, लस आणि बोलणं एवढं तीन ओळींत लिहिलं जाईल, आणि वर्षातून एकदा कुणीतरी जिल्ह्यातल्या या रकान्यांची बेरीज करून सांगेल की आपली किती निगेटिव्ह बाळं पाच वर्षांची झाली.